पोषणाच्या नियमावलीत कॅल्शियम का नाही?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये रोजच्या अन्नात पोषक घटकांची भर घालण्याविषयी नियमावली काढली. अशी भर घालण्यालाच फोर्टिफिकेशन म्हणतात. मीठ, तेल, दूध, गव्हाचे पीठ, मैदा आणि तांदूळ यांची मानके तीत ठरवून दिली आहेत. तेलाला आणि दुधाला अ व ड ही जीवनसत्त्वे, तर पीठ, मैदा व तांदूळ यांना लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२. पिशवीवर निळे '+ एफ' चिन्ह छापायचे तर हे घटक ठरल्या प्रमाणात असलेच पाहिजेत. शिवाय उत्पादकाला वाटल्यास धान्यात घालता येतील अशा घटकांची वेगळी यादी आहे. तीत जस्त आहे, अ जीवनसत्त्व आहे, ब गटातील आणखी चार जीवनसत्त्वे आहेत. कॅल्शियम मात्र या यादीतही नाही आणि त्या यादीतही नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ माणसाची कॅल्शियमची शिफारस दिवसाला ६०० मिलिग्रॅमवरून १००० मिलिग्रॅमवर नेली. आता ठाणे जिल्ह्यातले नेहमीचे ताट पाहू. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ शिजला तरी मिळाले ३० मिलिग्रॅम. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असते. पण ज्या घरात दूध चहापुरतेच येते, तिथे एका माणसाच्या वाट्याला ५०-६० मिलिग्रॅमच्या पुढे काही जात नाही. ड जीवनसत्त्व घातलेले दूध पिशवीतून विकत घेणाऱ्याला कॅल्शियम आणि ते शोषून घ्यायला मदत करणारे जीवनसत्त्व, दोन्ही एकदम मिळतात. भातावर भागवणाऱ्याला यातले एकही नाही.

मग तांदळातच कॅल्शियम का घालू नये? नियमावली अर्थातच कारणे सांगत नाही, परंतु नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ती गणिताने काढता येतील. तांदळात किलोमागे लोह घालायचे असते २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी पिठात कॅल्शियम कार्बोनेट ठरवले ते १०० ग्रॅममागे किमान २३५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २३५० मिलिग्रॅम. लोहाच्या तुलनेत यातले कॅल्शियम बावीस ते चौतीस पट भरते. आपल्याकडे तांदूळ समृद्ध करतात तो तांदळाच्या पिठापासून यंत्राने बनवलेले दाणे शंभरास एक या प्रमाणात मिसळून. किलोभर तांदळात असे दाणे १० ग्रॅम येतात. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाने ४० टक्के कॅल्शियम असते; तेव्हा २३५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून सुमारे ९४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. दहा ग्रॅम दाण्यांत जवळजवळ अडीच ग्रॅम खडू! तो दाणा तांदळाचा म्हणवणार नाही. (फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, विद्यार्थ्यांनी हा हिशोब तोंडात घालून तपासू नये.) त्यातच एकाच जेवणात कॅल्शियम जास्त असले की लोहाचे शोषण कमी होते. ज्या तांदळात रक्तक्षयासाठी लोह घातले, त्यातच कॅल्शियम घालणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काही अंशी काढून घेणे.

तेव्हा तांदळाबाबत नियमावलीने घेतलेली भूमिका आम्हाला पटते. पिठाबाबत पटत नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात पिठात कॅल्शियम घालायला सुरुवात केली, त्यामागे केंब्रिजचे मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांचे प्रयोग होते. त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग करून दाखवले, की कोंड्यातले फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते आणि कोंडायुक्त पाव खाणाऱ्याला ते कमी मिळते. गंमत अशी, की ब्रिटिश नियमाने सक्तीतून सूट दिली ती नेमकी अख्ख्या गव्हाच्या पिठालाच! आपली पोळी तर कोंड्यासकट पिठाचीच असते. म्हणून पिठाच्या ऐच्छिक यादीत तरी कॅल्शियमला जागा हवी होती. पिठात ते मिसळणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, आणि कार्बोनेट स्वस्तही आहे.

अर्थात यादीत नाव आले तरी ते टिटवाळ्याच्या किती घरांत पोचले असते, हा प्रश्न उरतोच. इथे अजून पुष्कळ घरांत गहू निवडून डबा गिरणीवर जातो. गिरणीवाला दळण दळतो, मिलिग्रॅम मोजत नाही. पिशवीतले पीठ घेणाऱ्यापुरताच नियम लागू; डबा घेऊन जाणारा त्याच्या बाहेर. भर घालण्याच्या सर्वच धोरणांची ही मर्यादा आहे, आणि पिशवीवरच्या चिन्हाकडे पाहून ती कोणाच्या ध्यानात येत नाही. उलट त्या चिन्हाचा अर्थ 'यात सगळे आले' असाच घेतला जातो.

काळू नदीच्या खोऱ्यात खालच्या शेतात भात आणि वरच्या वरकस जमिनीवर नाचणी-वरई, अशी पिकांची जुनी वाटणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या पस्तीस पट. नाचणीतही फायटिक आम्ल आहे, हे लपवण्याचे कारण नाही. भिजवून मोड आणले की ते कमी होते, आणि सत्त्व करणाऱ्या बायकांना ही रीत नियमावलीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तिळात तर १०० ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पण तीळ चमच्याने मोजून खायचा, नाचणी भाकरीने.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा भाव लिहिलेला होता. म्हणजे नाचणीला कायद्यात जागा होती, तीही सर्वांत स्वस्त. कर्नाटकाने दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर नाचणी दिली. आपल्याकडे मात्र रेशन म्हणजे तांदूळ आणि गहू, हीच ओळख राहिली. नियमावलीत कॅल्शियमसाठी एक ओळ वाढवणे आणि रेशनच्या दुकानात नाचणीचे पोते ठेवणे, ही दोन्ही कामे सरकारचीच आहेत. पण पहिल्याने पिशवीचे पीठ घेणारे घर सुधारेल, दुसऱ्याने गिरणीवर डबा नेणारे. शाळेत विद्यार्थ्यांकडून घरोघरची पाहणी करून घेता आली, तर आपल्या वर्गातली किती घरे पहिल्या प्रकारची आणि किती दुसऱ्या, हे एका आठवड्यात समजेल.