वाद, मनसिकार आणि समाजमाध्यमे

समाजमाध्यमांमुळे राजकीय चर्चा सामान्य माणसाच्या हाती आली, असे विधान आज सर्वत्र केले जाते. आपल्या उपासकवर्गातही हे मत दृढ होत चालले आहे. रविवारच्या वंदनेनंतर जी मंडळी पूर्वी ग्रंथवाचनासाठी थांबत असत, त्यांतील कित्येक आज विहाराच्या पायरीवर उभे राहून कोणी कोणास कसे निरुत्तर केले हे भ्रमणध्वनीवर एकमेकांस दाखवीत असतात, आणि हेच चळवळीचे कार्य होय असे समजतात. या समजुतीची धम्माच्या कसोटीवर परीक्षा करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा त्या अत्याचाराचे खरे स्वरूप प्रस्थापित वृत्तपत्रांतून कित्येक आठवडे पुढे आले नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ई-पत्रे आणि भ्रमणध्वनीवरील संदेश यांनीच ती वार्ता समाजापर्यंत नेली. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला यांचा मृत्यू झाला, त्यावेळीही विद्यार्थ्यांनी याच माध्यमांतून देशाला जागे केले. ज्यांच्या दाराशी वृत्तपत्राचा वार्ताहर कधी आला नाही, त्यांनी नव्या साधनाचे स्वागत करावे यात नवल नाही. परंतु ही दोन्ही उदाहरणे वार्तेची आहेत, वादाची नाहीत. वार्ता पोहोचविण्याचे सामर्थ्य ज्या साधनात आहे, त्यात विचारविनिमयाचेही सामर्थ्य असलेच पाहिजे, हे अनुमान मात्र आम्हांस मान्य नाही.

वादाचे दोन प्रकार

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या संवादाच्या आरंभी एक मार्मिक प्रसंग आहे. राजाने पुन्हा संवादाची इच्छा प्रकट केली असता नागसेन एक अट घालतात. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर आम्ही बोलू. राजांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलणार नाही. पंडितांच्या वादात गुंता होतो आणि उकलतो, दोष दाखविला जातो आणि तो स्वीकारलाही जातो, तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि त्यास विरोध करणाऱ्याला दंड करतात. मिलिंद राजाने पहिली रीत पत्करली, म्हणूनच तो ग्रंथ निर्माण होऊ शकला.

समाजमाध्यमांवरील राजकीय वाद यांपैकी कोणत्या प्रकारचा? तेथे सिंहासनावर बसलेला राजा दिसत नाही, म्हणून तो पंडितांचा वाद ठरत नाही. तेथे दंड देण्याचे काम समुदाय करतो. एखाद्याने आपल्याच पक्षाच्या नेत्याविषयी शंका प्रकट केली, की शेकडो अपरिचित लोक त्याच्यावर तुटून पडतात. त्याची निष्ठा, त्याची पोटजात, त्याचे पोटापाण्याचे साधन, सर्व काही काढले जाते. दोष स्वीकारणारा मनुष्य तेथे पराभूत समजला जातो. अशा ठिकाणी चूक कबूल करण्याचे धैर्य कोण दाखवील? आणि जेथे चूक कबूल करता येत नाही, तेथे मतपरिवर्तन कसे घडेल?

तथागतांनी प्रश्नांना उत्तर देण्याचे चार मार्ग सांगितले आहेत. काही प्रश्नांचे उत्तर निश्चयाने द्यावे, काहींचे विभाग पाडून द्यावे, काहींचे प्रतिप्रश्न करून द्यावे आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. समाजमाध्यमाची रचना यांपैकी पहिल्याच मार्गास अनुकूल आहे. विभाग पाडून बोलणारा तेथे गुळमुळीत ठरतो, प्रतिप्रश्न करणारा पळपुटा ठरतो आणि प्रश्न बाजूला ठेवणारा विकला गेलेला ठरतो.

‘अभयराजकुमारसुत्त’ येथे आठवते. तथागत अप्रिय बोलतात की नाही, असा दुहेरी पेचाचा प्रश्न घेऊन अभय राजकुमारास पाठविण्यात आले होते. ‘होय’ म्हटले तरी अडकावे, ‘नाही’ म्हटले तरी अडकावे, अशी ती योजना. तथागतांनी एकाच शब्दात उत्तर देण्याचे नाकारले आणि राजकुमाराच्या मांडीवरील बालकाकडे लक्ष वेधले. या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? रक्त आले तरी मी तो बाहेर काढीन, असे राजकुमार म्हणाला, कारण त्याला मुलाविषयी अनुकंपा होती. सत्य आणि हितकर वचन अप्रिय असले तरी योग्य वेळी बोलावे, हा या सुत्ताचा आशय आहे. तेव्हा आमचा आक्षेप कठोर भाषेवर आहे असे कोणी समजू नये. परमपूज्य बाबासाहेबांची भाषा अनेकदा कठोर होती. प्रश्न इतकाच, की बोलणाऱ्याला समोरच्याच्या घशातील खडा काढावयाचा आहे, की भोवतीच्या गर्दीकडून वाहवा मिळवावयाची आहे?

मनसिकाराचा बाजार

आता या माध्यमाच्या यंत्रणेकडे वळू. एखाद्या विषयाकडे मन वळविणे यास पालीत मनसिकार म्हणतात. योनिसो मनसिकार म्हणजे मूळ कारणापर्यंत जाणारे लक्ष. अयोनिसो मनसिकार म्हणजे वरवर भटकणारे, आस्रव वाढविणारे लक्ष. चित्ताच्या रक्षणाचा सारा मार्ग या भेदावर उभा आहे. समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींचे आहे आणि जाहिरातदारास त्या जे विकतात, ते आपले लक्षच होय. ते अधिक काळ खिळून राहावे, याकरिता कोणता मजकूर कोणास दाखवावा याचे गणित मांडलेले असते.

या गणिताचे एक उदाहरण कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये उघड झाले. फेसबुकने २००९ मध्ये पसंती दर्शविण्याची कळ दिली आणि २०१६ मध्ये तिच्या जोडीला राग, दुःख, आश्चर्य इत्यादी भावनांची चिन्हे दिली. २०१७ पासून या चिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट महत्त्व देण्यात येत होते. म्हणजे ज्या मजकुरावर लोक संतापत, तो मजकूर अधिक लोकांपुढे जाण्याची शक्यता वाढत असे. रागाच्या चिन्हाचे महत्त्व कंपनीने २०२० मध्ये शून्यावर आणले; तोवर तीन वर्षे लोटली होती. ज्या द्वेषाला धम्माने तीन अकुशलमूलांत गणले, त्याला येथे पाचपट भाव मिळत होता.

परंतु सर्व दोष यंत्राच्या माथी मारून आपणास मोकळे होता येणार नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास करण्यात आला. खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली. स्वयंचलित खात्यांनी खऱ्या आणि खोट्या वार्ता सारख्याच प्रमाणात पसरविल्या होत्या. फरक पडला तो माणसांमुळे. नवलाची आणि उत्तेजनाची तृष्णा आमची स्वतःची आहे. कंपनीने तिच्यावर दुकान थाटले.

बाबासाहेबांना या रोगाची लक्षणे फार पूर्वी दिसली होती. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान देताना त्यांनी विभूतिपूजेबरोबरच वृत्तपत्रांवरही कठोर टीका केली. वृत्तपत्र हा सेवाधर्म न राहता निव्वळ व्यापार झाला आहे आणि वाचकास विचार देण्याऐवजी तो त्याच्या विकारांना आवाहन करतो, असा त्या टीकेचा रोख होता. आज प्रत्येक उपासकाच्या खिशात तसले एक वृत्तपत्र आहे आणि त्याचा बिनपगारी वार्ताहर तो स्वतःच आहे.

महाडचे उदाहरण

अफवा आणि लक्ष यांचा विचार करताना आमच्यापुढे महाडचा प्रसंग उभा राहतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून प्रतिनिधी परतत असताना, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात उठविण्यात आली. तिच्यामागे काहीही तथ्य नव्हते. तरीही जमाव धावून आला, मंडपात आणि रस्त्यात आपल्या लोकांना मारहाण झाली. प्रतिकार करू शकतील असे हजारो लोक बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी शांततेचा आदेश दिला.

यानंतर काय घडले ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले आणि त्यात आक्षेपकांचे मुद्दे एकेक घेऊन त्यांची सविस्तर उत्तरे देण्यात आली. डिसेंबरात विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला, तेव्हा सत्याग्रहास सिद्ध झालेल्या परिषदेसमोर साधकबाधक चर्चा होऊन सत्याग्रह तहकूब झाला. खटला चालत राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी विरोधकांचे अपील फेटाळले. एका तळ्याच्या पाण्यावर दहा वर्षे लक्ष एकाग्र ठेवणे, यास आम्ही योनिसो मनसिकार म्हणतो. आजच्या माध्यमात कोणता विषय दहा दिवस टिकतो?

महाडच्या अफवेनंतर ९१ वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात व्हॉट्सअॅपवरून फिरत होते. त्याच महिन्यात, देशात अशा अनेक हत्या झाल्यावर, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा कंपनीने भारतात घातली. अफवा महाडलाही होती. परंतु तिला तोंडोतोंडी फिरावे लागले. राईनपाड्याच्या अफवेला यंत्राचे पाय होते, आणि बळी पुन्हा गावकुसाबाहेरचेच गेले. ‘मी केवळ पुढे पाठविले’ असे म्हणून मुसावादाच्या दोषातून सुटता येते काय, याचा विचार पंचशील ग्रहण करणाऱ्या प्रत्येकाने करावा.

आमचा स्वतःचा अनुभव

परोपदेश सोपा असतो, म्हणून आमचाही दोष येथे नमूद करतो. आमच्या अभ्यासमंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात काही वर्षांपूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला पाळावा की अशोक विजयादशमीला, यावर वाद सुरू झाला. प्रश्न अभ्यासाचा होता आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी तारीख बाजूला पडून कोण कोणत्या गटाचा, हा विषय झाला. आम्हीही रात्री उशिरापर्यंत जागून उत्तरे लिहिली आणि किती जणांनी अंगठा दाखविला हे पुनःपुन्हा पाहिले. आठवड्याअखेर सात सभासद गटातून बाहेर पडले होते. त्याच आठवड्यात वस्तीतील दोन विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे आम्ही कबूल केले होते. ते काम मुदत टळेपर्यंत राहून गेले. आम्ही कोणाचे मत बदलले नाही आणि त्या दोन मुलांचे वर्ष मात्र अडचणीत घातले. त्या आठवड्यात आम्ही चळवळीचे कार्य करीत आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

कोसंबीच्या उपासकांचा मार्ग

यावर एक आक्षेप घेतला जाईल. शोषितांनी मौन पाळावे, हाच प्रस्थापितांचा आग्रह असतो. मग तुम्हीही तेच सांगता काय? आक्षेप गंभीर आहे. ज्या समाजाचे मुखपत्रच १९२० मध्ये ‘मूकनायक’ या नावाने निघाले, त्याला मौनाचा उपदेश कोणी करू नये. अत्याचाराची वार्ता मिळेल त्या साधनाने जगापुढे मांडलीच पाहिजे. आमचे म्हणणे कलहापुरते आहे.

त्यासाठी विनयपिटकातील कोसंबीचा प्रसंग मार्गदर्शक आहे. शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून तेथील भिक्खूंत वाद पेटला आणि संघ दुभंगला. तथागतांनी समजाविले, भिक्खूंनी ऐकले नाही, उलट त्यांनाच बाजूला राहण्यास सांगितले. तथागत ते स्थान सोडून गेले. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी ठरविले, की या कलहखोर भिक्खूंना अभिवादन करावयाचे नाही, त्यांच्यासाठी उठून उभे राहावयाचे नाही आणि त्यांना भिक्षाही घालावयाची नाही. थोड्याच काळात भिक्खू श्रावस्तीला गेले आणि कलह मिटला. जे तथागतांच्या उपदेशाने साधले नव्हते, ते सामान्य गृहस्थांनी दान रोखून साधले.

आपले लक्ष हेही एक दान आहे. त्यावरच कलह करणारे पुढारी पोसले जातात, त्यांच्या चित्रफिती पोसल्या जातात आणि त्यांच्यामागची कंपनीही पोसली जाते. ते कोणाच्या पात्रात घालावयाचे, हा अधिकार अजून उपासकाच्या हाती आहे. म्हणून पुढे पाठविण्यापूर्वी सम्यक वाचेच्या पाच कसोट्या लावाव्यात: वेळ योग्य आहे काय, वचन सत्य आहे काय, ते सौम्य आहे काय, हितकर आहे काय आणि मैत्रीने बोललेले आहे काय. आपसातील मतभेद असेल तर समोरासमोर बसून, विहाराच्या सतरंजीवर, नावानिशी आणि वेळ देऊन बोलावे. तेथे नागसेनांची अट पाळता येते. आणि अन्यायाचे प्रकरण हाती घेतले, तर त्याचा निकाल लागेपर्यंत तारखेला हजर राहावे.

आमच्या मंडळाने तो गट आता केवळ सूचना देण्यापुरता ठेवला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा प्रश्न ग्रंथ समोर ठेवून दोन रविवार चर्चिला गेला. मतभेद कायम राहिला. परंतु बाहेर गेलेल्या सातांपैकी चौघे त्या सतरंजीवर येऊन बसले होते.