डावपेचांच्या संगणकीय खेळांतील आरमारी युद्धाचा ताळेबंद : कोकण किनाऱ्याच्या इतिहासाच्या आधारे एक समीक्षा

प्रस्तावना :
वसाहती व सागरी व्यापार यांसाठी आरमारी युद्ध करणे परवडते काय, हा डावपेचांचे संगणकीय खेळ खेळणाऱ्यांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. जहाजे बांधणे खर्चाचे आणि ती पोसणे त्याहून खर्चाचे. तेवढ्या पैशात जमिनीवर फौज उभारून शेजारचा प्रांत घेता येतो, असा युक्तिवाद केला जातो. प्रस्तुत लेखात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळाचे या दृष्टीने परीक्षण केले आहे. अठराव्या शतकावरील या खेळात मराठा राज्य निवडता येते. म्हणून कोकणचा इतिहास ही त्याची योग्य कसोटी ठरते. पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावातून पाहता हा विषय दूरचा वाटेल. परंतु पैठणचा माल गाड्यांतून भडोच बंदरी जात असे, अशी नोंद 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रंथात आहे. समुद्रावरील बऱ्यावाईटाचा परिणाम देशावरही होतच होता.

खेळातील हिशेब :
या खेळात प्रत्येक जहाजाला बांधणीचा खर्च व प्रत्येक फेरीस देखभालीचा खर्च पडतो. व्यापारी जहाजे दूरच्या व्यापारक्षेत्रांत ठेवल्यास उत्पन्न मिळते. शत्रूच्या सागरी मार्गावर जहाजे उभी केल्यास त्याच्या उत्पन्नात वाटा मिळतो. खर्च व उत्पन्न एकाच खजिन्यात दिसत असल्याने नफा-तोटा लगेच काढता येतो. खेळ म्हणून ही रचना सुबोध आहे. प्रश्न असा की, इतिहासात असा एकच खजिना होता काय?

इतिहासातील हिशेब :
१७१७ ते १७२१ या काळात मुंबईकर इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांच्यावर लागोपाठ मोहिमा केल्या. विजयदुर्ग, खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग आणि शेवटी पोर्तुगीजांच्या साहाय्याने कुलाबा. एकही किल्ला पडला नाही. कुलाब्याच्या वेळी इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजेही आली होती. तेथे बाजीरावांची फौज मदतीस आली आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. म्हणजे आरमारी मोहिमेचा निकाल घोडदळ व तह यांनी लावला. कान्होजींचे बळ मोठ्या जहाजांत नव्हते. उथळ खाड्यांत शिरणारी गलबते व गुराबा, किनाऱ्यावरचे किल्ले आणि व्यापाऱ्यांना द्यावयाची दस्तके यांत होते. दस्तक म्हणजे समुद्रावरील सत्तेचे उत्पन्न, लढाई न करता मिळणारे. खेळात लूट आहे, दस्तक नाही. ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय.

१७५६ चे उदाहरण अधिक बोलके आहे. तुळाजी आंग्रे यांच्याशी वितुष्ट आल्याने नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या माऱ्यात विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आरमार जळाले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रज अधिकारी व सैनिकांनी आपसांत वाटून घेतली. पुढे तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांकडे गेला. पेशव्यांच्या वहीत ही मोहीम स्वस्त दिसते : बंडखोर सरदार गेला, किल्ला मिळाला. परंतु जळालेली जहाजे त्या वहीत कोठेच नोंदली गेली नाहीत. पुढे आनंदराव धुळप यांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार लढले, हे खरे. तथापि इंग्रजांना रोखणारे जुने बळ पुन्हा उभे राहिले नाही. वॉटसन व क्लाइव्ह मात्र त्याच वर्षाअखेर बंगालकडे गेले आणि १७५७ मध्ये प्लासी घडली.

निष्कर्ष :
आरमारी युद्ध परवडते काय, याचे उत्तर ते कोणाच्या वहीत मांडले जाते यावर अवलंबून आहे. खर्च एकाने सोसावा, लूट दुसऱ्याने घ्यावी आणि नुकसान तिसऱ्याच्या पुढच्या पिढीने भरावे, असे कोकणात घडले. खेळाची बेरीज चुकीची नाही, अपुरी आहे. जो विद्यार्थी हा काळ प्रथम पडद्यावर पाहतो, त्याला देखभालीचा आकडा दिसतो. आरमार नसण्याची किंमत दिसत नाही. मराठ्यांच्या इतिहासात तीच किंमत सर्वांत जड ठरली. असे खेळ वर्गात जरूर वापरावेत, मात्र त्यांच्या शेजारी विजयदुर्गाचा हिशेबही मांडावा.