सिनेमा दाखवला, पण मोजलं काय?

'सैनिकांमधील एचआयव्हीविषयक कलंक कमी करण्यासाठी चित्रपटाचा वापर' हा विषय सिनॉप्सिसमध्ये फार नीटस दिसतो. आधी प्रश्नावली, मग चित्रपट, मग पुन्हा तीच प्रश्नावली. टी-टेस्ट लावली, पी मूल्य ०.०५ च्या खाली आलं, की निष्कर्ष तयार! माझा आक्षेप या सोपेपणावरच आहे.

आधी चित्रपटाकडे बघू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन फोर्ड या नामवंत दिग्दर्शकाने अमेरिकी सैनिकांसाठी 'सेक्स हायजीन' हा प्रशिक्षणपट केला. गुप्तरोगांच्या जखमा जवळून दाखवून जवानांना धास्ती घालायची, ही त्याची रीत. अशी धास्ती खबरदारीपुरती कामी येईलही, पण रोगाची किळस हळूच रोग्याला चिकटते. म्हणजे जागृती वाढवणारा चित्रपट कलंकही वाढवू शकतो. तुमच्या आराखड्यात या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या नसतील, तर हे तुम्हाला कळणारच नाही.

दुसरा धोका सहानुभूतीचा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २००२ मध्ये 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी हवाई दलाच्या एका जवानाला लष्करी रुग्णालयात रक्त चढवलं गेलं. २०१४ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दीड कोटीहून अधिक रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा माणसावर चित्रपट काढला तर प्रेक्षक हळहळतील. पण 'याची काही चूक नव्हती' या वाक्याच्या पोटात 'बाकीच्यांची होती' हे दडलेलं असतं. संसर्ग कसा झाला यावर आदर ठरत असेल, तर कलंक कमी झाला नाही, फक्त त्याची वाटणी झाली.

आता मोजमाप. या बाबतीत एक जुना अभ्यास प्रत्येकाने वाचायलाच हवा. कार्ल हॉव्हलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यात 'व्हाय वुई फाइट' मालिकेतला 'द बॅटल ऑफ ब्रिटन' हा चित्रपट दाखवून त्याचा परिणाम तपासला. पुस्तक आलं १९४९ मध्ये. काही तुकड्यांकडून उत्तरं घेतली ५ दिवसांनी, काहींकडून ९ आठवड्यांनी. जोडीला चित्रपट न पाहिलेला नियंत्रण गटही होता. माहिती चांगलीच वाढली, पण लढण्याची प्रेरणा जवळपास होती तिथेच राहिली. शिवाय काही मतांवरचा परिणाम ९ आठवड्यांनी जास्त दिसला. दिवे लागल्या लागल्या फॉर्म वाटणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं, ते उघड आहे.

शिवाय बराकीत फॉर्म कोण गोळा करतं? साहेब समोर उभे असतील तर जवान 'मी भेदभाव करत नाही' यावरच टिक करणार. ते मत कमी आणि शिस्त जास्त.

मग चित्रपट निरुपयोगी का? तसं नाही. एलिझाबेथ पॅलक यांनी रवांडात सलोख्यावरच्या एका रेडिओ मालिकेचा वर्षभर अभ्यास केला (२००९). श्रोत्यांच्या खाजगी समजुती फारशा बदलल्या नाहीत, पण 'आपल्या लोकांत काय चालतं, काय चालत नाही' याचा अंदाज बदलला आणि काही प्रमाणात वागणंही. सैन्यात तर एकत्र राहणं, एकत्र जेवणं आणि एकत्र सिनेमा बघणं असतं. म्हणून 'तुम्हाला काय वाटतं?' याबरोबर 'तुमच्या तुकडीतल्या बाकीच्यांना काय वाटतं?' हाही प्रश्न विचारा. माझ्या मते खरा बदल तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

शेवटचा मुद्दा नियमांचा. उपचारांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे पार्टनर अभ्यासांनी २०१६ आणि २०१९ मध्ये दाखवून दिलं. तरीही अमेरिकेत अशा निरोगी सैनिकांना केवळ एचआयव्हीमुळे परदेशी तैनाती आणि अधिकारीपद नाकारलं जात होतं. एप्रिल २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने ते रोखलं. पडदा म्हणतो 'हा आपल्यासारखाच' आणि नियम म्हणतो 'हा वेगळा'. सैनिक कोणाचं ऐकेल? अर्थात नियमाचं. म्हणून त्या सैन्याचं भरती, तैनाती आणि बढतीचं धोरण तुमच्या आराखड्यात हवंच, नाहीतर सगळं अपयश चित्रपटाच्या माथी मारलं जाईल.

थोडक्यात, अशा विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल तर चार गोष्टी तपासा: नियंत्रण गट आहे का, नाव न लिहिता उत्तर देता येतं का, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार का, आणि तुकडीतले एचआयव्हीसह जगणारे जवान उघडे न पडता त्यांना फरक जाणवला का, हे कळायची सोय आहे का. चौथी सगळ्यात अवघड आहे. पण हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी चाललाय, ते तेच आहेत.