‘माफ’ आणि ‘परत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

रासायनिक क्रिया चार पायऱ्यांत होत असेल, तर सगळ्यांत संथ पायरी तिचा वेग ठरवते. बाकीच्या तीन कितीही झपाट्यानं होवोत. फीमाफीबद्दल वाचताना मला हेच आठवतं, म्हणून आज प्रयोगशाळेबाहेरचा विषय.

२१ फेब्रुवारी २०१८ ला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी इथल्या शाखाही उतरल्या. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मिळणारी सवलत संस्थेनं काढून घेतली होती. ओबीसींची तर आधीच गेली होती. सरकारकडून पैसे येत नाहीत, तूट वाढतेय, असं संस्थेचं म्हणणं.

‘यांना सगळं फुकट हवं’ हे वाक्य तेव्हा तुम्हीही ऐकलं असेल. ते चुकीचं आहे. शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, ती बंद झालीच नव्हती. भांडण होतं मधल्या महिन्यांचं. प्रवेशाच्या दिवशी फी भरायची आणि शिष्यवृत्ती यायची तेव्हा येणार, तोवर उधारी कोणाच्या डोक्यावर? संस्थेच्या, की अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराच्या? माफीत ही पायरी नसते, परताव्यात असते, आणि तीच सगळ्यांत संथ.

आंदोलनाची भाषा मात्र मला एका ठिकाणी कमी पडलेली वाटते. सामाजिक न्याय, दिलेला शब्द हे सगळं बरोबरच. पण उशिराचा हिशेब पुढे ठेवला असता, तर संस्था आणि सरकार यांना एकमेकांकडे बोट दाखवणं जड गेलं असतं.

आता आपल्याकडे या. ८ जुलै २०२४ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ५० टक्के होतं. निर्णय चांगलाच आहे, कुरकूर नाही. पण वाचताना ‘शुल्क’ या शब्दावर बोट ठेवा. खोली, मेस, प्रवास त्यात नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही नाहीत.

समजा, मार्गासनीची एखादी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला लागली. नसरापूर-वेल्हे रस्त्यावरचं हे गाव, राजगडाला जाणारे इथूनच गुंजवण्याकडे वळतात. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीला संपतो, म्हणजे नेमका जिथून ही माफी सुरू होते तिथे. रोज जाऊन-येऊन प्रॅक्टिकल होत नाहीत, म्हणजे खोली आली, डबा आला. (भाऊराव पाटलांनी १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते मोफत तर होतंच, निवासीही होतं. मुलं काम करून शिकत. राहण्याचा खर्च शिक्षणात धरायचा असतो हे त्यांना कळलेलं होतं.)

म्हणून पुढची मागणी लिहिणाऱ्यांनी दोन रकाने जरूर घालावेत: फीव्यतिरिक्त महिन्याला किती लागतं, आणि पैसे कोणत्या तारखेला खात्यात येतात. दुसऱ्या रकान्यात ‘लवकरच’ लिहून आलं, तर ते परत पाठवावं.