रीटाचं उत्तर बरोबरच होतं

दिवसा नोकरी आणि रात्री एमएस्सीची असाइनमेंट असं तुमचं चालू असेल, तर ‘एज्युकेटिंग रीटा’ बघा असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. विली रसेलच्या १९८०च्या नाटकावरचा हा १९८३चा सिनेमा. रीटा लेडीज हेअरड्रेसर, खास लिव्हरपुली बोलीत बोलणारी. ओपन युनिव्हर्सिटीतून साहित्य शिकायला ती फ्रँक नावाच्या दारुड्या प्राध्यापकाकडे येते. तिची ही पहिली पदवी, तुमची दुसरी. तरी ओढाताण तीच.

सिनेमा गोड आहे, ज्युली वॉल्टर्स तर कमालच. पण एका ठिकाणी तो मला खटकतो.

इब्सेनचं ‘पीअर गिंट’ रंगमंचावर आणण्यातल्या अडचणी कशा सोडवाल, असा प्रश्न असतो. रीटा एका वाक्यात उत्तर देते: रेडिओवर करा. आपण हसतो, फ्रँक तिला नीट निबंध लिहायला लावतो. आता गंमत बघा. इब्सेनने हे नाटक वाचण्यासाठीच लिहिलं होतं. १८६७ला छापलं गेलं आणि रंगमंचावर यायला १८७६ उजाडलं. म्हणजे रीटाचं उत्तर बरोबर होतं! दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळणारी बाई अडचण दिसली की सोपा मार्ग काढते, तसंच हे. पदवी तिला तेच उत्तर विस्ताराने मांडायला शिकवते. हे कौशल्य लागतंच. इंटरव्ह्यूत किंवा प्रमोशनच्या अर्जात एका वाक्यावर भागत नाही. पण मूळचं शहाणपण सलूनमधून आलंय, हे सिनेमा विसरतो. पुढे सलून म्हणजे फक्त मागे टाकायची जागा. नोकरी करत शिकणाऱ्याची खरी कमाई मला याच्या उलट वाटते: कामावरचा प्रश्न वर्गात न्यायचा आणि वर्गातलं सोमवारी कामावर वापरून बघायचं.

पार्टीचा प्रसंग मात्र अचूक. फ्रँकच्या घरी बोलावलेली रीटा खिडकीतून आतली माणसं बघते आणि दारातूनच परत फिरते. पबमध्ये घरचे गात असतात, तिथेही तिचा सूर लागत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर ‘नक्की काय शिकतोयस?’ या मावशीच्या प्रश्नापुढे गप्प झाला असाल, तर हे वेगळं समजवायला नको.

नवरा डेनी पुस्तकं जाळतो, म्हणून त्याला खलनायक करून सिनेमा मोकळा होतो. जोडीदाराचे शनिवार-रविवार आपल्या डिग्रीत जातात, त्याचा हिशोब कुठेच नाही. (आपल्याकडे तो बहुतेकदा बायकोच्या खात्यावर पडतो, हेही आलंच.)

आणि शेवट? रीटा परीक्षा पास होते, फ्रँक ऑस्ट्रेलियाला जातो. तिची नोकरी, पगार, पुढचं काम याबद्दल अवाक्षर नाही. निवड करता येणं हीच कमाई, असं सिनेमाला म्हणायचंय, ठीक. पण रसेल स्वतः १५व्या वर्षी शाळा सोडून हेअरड्रेसर झाला होता. नंतर पुन्हा शिकला, शिक्षक झाला, मग नाटककार. पास झाल्यानंतरची वर्षं त्याला चांगली माहीत होती. रीटाच्या वाट्याला मात्र त्याने ती दिली नाहीत.