तिसरा दिवस कुणाचा?

अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरला दलित धर्मचिंतनाची वाट मोकळी केली. क्रूसावरचा ख्रिस्त दलितच, हे त्यांनी पुढे ठासून मांडले. देवाने टाकल्याची ती किंकाळी आमचीच, हे मला मान्य आहे. माझे भांडण पुढचे आहे. त्यांच्या मांडणीत क्रूस भरभरून येतो; रिकामी कबर त्या मानाने कमी. मग मरण आमचे आणि तिसरा दिवस कुणाचा?

योहान सांगतो, उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. पुनरुत्थानाने जखम पुसली नाही. मारणाऱ्यांचा निकाल फिरवला. केवळ पापक्षमा सांगणारे पाळक हे गाळतात. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत तर दलितांची प्रेते वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. निर्मळ वाचताना ती भिंत माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.