मावळचा नकाशा रंगवतं कोण?

मावळ-लोणावळ्यावर लघुशोधप्रबंध करायचा तुमचा विचार असेल, तर पद्धत बहुतेक ठरलेली असते. वीसेक वर्षांच्या अंतराच्या दोन उपग्रह प्रतिमा घ्यायच्या, वर्गीकरण करायचं, भातखाचरं किती घटली आणि बांधकाम किती वाढलं याचं कोष्टक द्यायचं. मग शेवटच्या प्रकरणात ‘म्हणून सर्वंकष भूवापर नियोजनाची गरज आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना हे जमतंही बरं.

माझा आक्षेप त्या शेवटच्या वाक्याला आहे. नियोजन नव्हतं म्हणून हे घडलं, असं त्यात न तपासता धरून चाललेलं असतं. मावळात तर योजना एकावर एक रचलेल्या आहेत.

आधी शब्द नीट वेगळे करूया. उपग्रहाला दिसतं ते भू-आच्छादन: गवत, पाणी, काँक्रीट, पत्रा. भूवापर म्हणजे माणूस त्या जागेचं काय करतो ते. आणि झोन म्हणजे तिथे काय करायला कायद्याने परवानगी आहे ते. पवना धरणाच्या काठावरचे तंबू घ्या. प्रतिमेत तिथे गवत दिसेल. वापर पर्यटन व्यवसायाचा असेल. झोन कदाचित शेतीचा निघेल. जागा एकच, उत्तरं तीन. पहिल्या उत्तरावरून तिसऱ्याबद्दल निष्कर्ष काढला की प्रबंध तिथेच लंगडा होतो.

आता झोन ठरवतं कोण, ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा करण्याचा अधिकार ‘नियोजन प्राधिकरणा’ला आहे. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे नगरपरिषदांच्या हद्दीत त्या त्या नगरपरिषदा, तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी आणि गावांसाठी २०१५ मध्ये स्थापन झालेलं पीएमआरडीए. ग्रामपंचायत या यादीत कुठेच नाही.

या हद्दी कागदापुरत्याच आहेत असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. तिच्यातून वगळलेल्यांत मुंबई, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा यांच्यासोबत लोणावळा नगरपरिषदेचं नाव स्वतंत्रपणे आहे. म्हणजे नगरपरिषदेची हद्द संपून कार्ल्याकडची गावं लागली की बांधकामाचे नियमच बदलतात. डोंगर तोच, पाऊस तोच. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि कामशेत, वडगाव, तळेगाववरून देहू-आळंदीकडे जाते. तिच्या पूररेषा आखतो जलसंपदा विभाग; काठावरची परवानगी देतं जिथे ज्याची हद्द असेल ते कार्यालय. अख्खी नदी डोळ्यांसमोर ठेवून आखलेला एक आराखडा मात्र सापडत नाही.

पीएमआरडीएकडून ही अपेक्षा होती. २०२१ मध्ये त्यांनी आठशेहून अधिक गावांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूप आराखडाच रद्द केला. त्यामुळे गावांसाठी आधार उरतो तो १९९७ मध्ये मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेचा. ती मंजूर झाली तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरूही व्हायचा होता! तो पूर्ण खुला झाला २००२ मध्ये.

आराखडा चांगला होता की वाईट, या वादात मी इथे पडत नाही. खटकतं ते त्याचं ‘सर्वंकष’ असणं. सगळी जमीन त्यात होती. गावाला मात्र त्यात स्थान मिळालं ते हरकतदार म्हणून. ऑरेगन या अमेरिकी राज्यात १९७३ च्या कायद्याने उलटा क्रम लावला: प्रत्येक शहर आणि काउंटीने स्वतःचा सर्वंकष आराखडा करायचा, आणि तो राज्याच्या उद्दिष्टांशी जुळतो का हे राज्याने तपासायचं. आपल्याही राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समिती आली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिका आणि पंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे असतात. पुण्याच्या आराखड्याचा वाद या समितीच्या अधिकाराभोवतीही फिरला, हे विसरू नका.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’मध्ये ग्रामपंचायतही विकास आराखडा करते. पण तो निधी कुठे खर्च करायचा याचा आराखडा आहे. कुठल्या गटात बंगले होतील हे त्यातून ठरत नाही. नाव एकच असल्यामुळे पंचायतींनाही नियोजनाचा अधिकार आहे असं लिहून टाकलेलं मी वाचलेलं आहे. असं करू नका.

मग सगळं ग्रामपंचायतींवर सोपवावं का? मला तसंही वाटत नाही. वरच्या गावाने ओढा बुजवला तर पाणी खालच्या गावात शिरतं, आणि एका गावाच्या नकाशात खालचं गाव दिसत नाही. प्लॉटचा भाव गावातल्या माणसालाही मोह घालतोच. नदीखोऱ्याची चौकट वरून यायला हवी आणि तिच्या आतला निर्णय खालून. या दोन्हींचा सांधा कुठे निखळतो, हा खरा संशोधनाचा विषय आहे.

त्यामुळे विषय ठरवण्याआधी एवढं करा. एकच गाव किंवा एकच ओढ्याचं खोरं निवडा. प्रतिमेतला नकाशा, प्रत्यक्ष फिरून केलेला वापराचा नकाशा आणि मंजूर योजनेतला झोन हे तीन थर एकावर एक ठेवा. ते जिथे जुळत नाहीत ते गट नंबर काढा आणि प्रत्येक ठिकाणी परवानगी कोणी, कुठल्या नियमाखाली दिली किंवा दिलीच नाही, हे शोधा. नगररचना कार्यालय, नगरपरिषद, तलाठी, गरज पडली तर माहिती अधिकार.

आणि त्या ६७ हजार हरकती. आराखडा रद्द झाला तरी त्या लिहिल्या गेल्या होत्याच. हरकतीत साधारणपणे गट नंबर असतो, कशाला विरोध ते असतं, कारण असतं. म्हणजे नकाशावर ठेवता येईल असा एकेक बिंदू. त्यातल्या फक्त मावळच्या हरकती मिळवून, नावं-पत्ते गाळून वाचल्या, तरी गावांना कुठला नकाशा हवा होता याचं पहिलं उत्तर हाती येईल. कोणी हे करायला घेणार असेल तर मला नक्की कळवा.